मिसळीतला पाव, शेरातला पाव आणि पांडवलेण्यातला पाऊण

नाशिकमधल्या घरात एका सकाळीच 'पाव' हा शब्द तीन वेगवेगळ्या अर्थांनी कानावर पडू शकतो. मिसळीसाठी बेकरीतून लादी पाव आणला जातो, भद्रकालीच्या बाजारातून पावशेर मटकी येते, आणि नातीला नोकरी लागल्याचा फोन आला की आजी वणीच्या दिशेने हात जोडून 'पावली गं माय' म्हणते. पहिला पाव खाण्याचा आहे, दुसरा मोजण्याचा आहे आणि तिसरा देवीच्या कृपेचा आहे. बोलणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा कुठेही गोंधळ होत नाही, कारण संदर्भ आपले काम करतो. पण हे तिन्ही शब्द मुळात एकच आहेत का, असे विचारले तर बहुतेकांना क्षणभर थांबावे लागते, आणि थांबल्यावर जे उत्तर सुचते ते बऱ्याचदा चुकीचे असते.

पावाबद्दल दोन गोष्टी आपल्याकडे फार ठामपणे सांगितल्या जातात. पहिली अशी की पूर्वी बेकरीत कणीक पायांनी तुडवून मळत, हिंदीत पायाला 'पाँव' म्हणतात, म्हणून ती 'पाँवरोटी' झाली. दुसरी अशी की मोठ्या रोटीचे चार भाग करून एकेक भाग विकत, म्हणून त्या चतकोराला 'पाव' नाव पडले. दोन्ही कथा ऐकायला सुबक आहेत, दोन्हींत एखादे दृश्य डोळ्यांसमोर उभे राहते, आणि नेमक्या त्यामुळेच त्या टिकून आहेत. शब्दाच्या उगमाची गोष्ट फार सुबक वाटू लागली की ती मागाहून रचलेली असण्याची शक्यता वाढते, असे माझे मत आहे. आडनाव सारखे आहे एवढ्यावरून दोन माणसे भाऊबंद ठरत नाहीत, त्यासाठी वंशावळ पाहावी लागते; शब्दांचेही तसेच आहे.

खाण्याच्या पावाची वंशावळ सर्वांत सरळ आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू. वास्को द गामा १४९८ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर पोहोचला आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांचा रोजचा आहार गव्हाच्या फुगवलेल्या रोटीवर उभा होता आणि त्यांच्या धार्मिक विधीलाही गव्हाचीच रोटी लागत असे. गोव्यात आंबवण्यासाठी खमीर सहज मिळत नव्हते, तेव्हा माडाची ताडी पिठात घालून ते फुगवण्याची युक्ती निघाली. या रोटीला पोर्तुगीज भाषेत जो शब्द आहे त्याचा उच्चार साधारण 'पाँउ' असा, नाकातून सुटणारा आहे. कोकणीने तो अनुनासिक जपून 'पांव' म्हटले. मराठीने अनुस्वार सोडून 'पाव' केले. गोव्यात पाव भाजणाऱ्याला 'पदेर' किंवा 'पोदेर' म्हणतात, तोही पोर्तुगीज भाषेतल्या 'पादेइरु' या शब्दाचाच अवतार आहे. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकेपर्यंत त्यांच्याकडे राहिली. उत्तर कोकणात मराठी आणि पोर्तुगीज इतका दीर्घ काळ शेजारी नांदल्या की बटाटा, पगार, चावी, घमेले, बिजागरी, नाताळ असे कितीतरी शब्द आपल्याकडे मुक्कामाला आले आणि परत गेलेच नाहीत.

आता इथे कोणी म्हणेल की पोर्तुगीज 'पाँउ' आणि मराठी 'पाव' यांचे साम्य हाही योगायोग असू शकतो. शंका रास्त आहे, आणि तिचे निरसन करणारा पुरावा नाशिक जिल्ह्यातच रोज सकाळी ओरडून दिला जातो. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेपुढे उभे राहून जो 'लिलाव' पुकारला जातो, त्या शब्दाचे पोर्तुगीज मूळ साधारण 'लेइलाँउ' असे उच्चारले जाते. म्हणजे पोर्तुगीज शब्दाच्या शेवटी असलेला तोच अनुनासिक 'आँउ' मराठीत एकदा नव्हे तर दोनदा 'आव' झालेला दिसतो. एका शब्दात झालेला बदल अपघात मानता येतो. तोच बदल दुसऱ्या शब्दातही त्याच जागी झाला असेल, तर त्यामागे नियम आहे असे धरावे लागते. शब्दांच्या उगमाचा अभ्यास या एका तत्त्वावर चालतो: साम्य दाखवून काही सिद्ध होत नाही, बदलाची नियमितता दाखवावी लागते.

पोर्तुगीज शब्दाच्या मागे लॅटिन 'पानिस' आहे. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन आणि रोमानियन या भाषांतले रोटीचे शब्द याच 'पानिस'पासून झाले. पोर्तुगीज मात्र शब्दाच्या शेवटचा 'न' गिळून त्याचे रूपांतर नाकातल्या आवाजात करते, त्यामुळे तिचा शब्द इतरांपेक्षा वेगळा ऐकू येतो. १५४३ मध्ये पोर्तुगीज व्यापारी जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले आणि त्यांच्यामागून हा शब्दही जपानी भाषेत शिरला; जपानीत ब्रेडला आजही 'पान' म्हणतात. जपानीतून तो कोरियन भाषेत गेला आणि तिथे 'प्पांग' झाला. श्रीलंकेत सिंहलीत 'पान्', बंगालीत 'पाउँरुटी', पूर्व तिमोरच्या तेतुम भाषेत 'पाउन', आणि आपल्याकडे पाव. पोर्तुगीज जहाजे ज्या ज्या बंदरांना लागली, त्या बंदरांची यादी या शब्दावरून जवळजवळ तयार करता येते.

पाय आणि चतकोर या दोन्ही कथा इथेच कोसळतात. पायांनी कणीक तुडवण्यावरून किंवा रोटीच्या चौथ्या हिश्श्यावरून हे नाव पडले असते, तर ते फक्त जिथे 'पाव' किंवा 'पाँव' म्हणजे पाय अथवा चतुर्थांश असा अर्थ होतो तिथेच सापडायला हवे होते. टोकियोतल्या दुकानदाराला पावशेर ठाऊक असण्याचे काही कारण नाही. तरी तो ब्रेडला त्याच मूळ नावाने हाक मारतो.

लॅटिन 'पानिस'ची आणखी दोन वंशजे मराठी माणसाच्या तोंडी रोज असतात आणि त्यांत पाव लपलेला आहे हे लक्षातही येत नाही. 'कंपनी' या शब्दात 'कॉम' म्हणजे सह आणि 'पानिस' म्हणजे रोटी. एकत्र भाकरी मोडणारे ते सोबती, आणि सोबत्यांचा समूह ती कंपनी. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत 'कंपनीत चाललो' म्हणणारा कामगार डबा घेऊनच निघतो, ही गंमत शब्दाच्या मूळ अर्थाशी बरीच जुळते. दुसरा शब्द 'पँट्री'. जुन्या फ्रेंच भाषेत राजवाड्यातल्या रोटीच्या कोठीला जे नाव होते त्यावरून तो आला, आणि नाशिकरोडला थांबणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीतल्या पँट्री कारपर्यंत पोहोचला.

मोजण्याचा पाव यापेक्षा पुष्कळ जुना आहे आणि त्याची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. त्याचे मूळ संस्कृत 'पाद', म्हणजे पाय. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चारातला एक भाग, या साध्या निरीक्षणावरून 'पाद' शब्दाला 'चतुर्थांश' हा अर्थ फार प्राचीन काळीच चिकटला. ऋग्वेदाच्या पुरुषसूक्तात 'पादोऽस्य विश्वा भूतानि त्रिपादस्यामृतं दिवि' असे म्हटले आहे: सर्व भूतमात्र हा त्या पुरुषाचा एक पाद आहे आणि उरलेले तीन पाद द्युलोकात अमृतरूप आहेत. इथे पाद म्हणजे पाय असे घेतले तर अर्थ लागत नाही; एक चतुर्थांश आणि तीन चतुर्थांश असे घेतले तर तो लख्ख होतो. श्लोकाच्या चौथ्या भागाला पाद किंवा चरण म्हणतात ते याच हिशेबाने, पाणिनीच्या अष्टाध्यायीत प्रत्येक अध्यायाचे चार पाद पाडले आहेत तेही याच हिशेबाने, आणि पंचांगात प्रत्येक नक्षत्राचे चार चरण मोजतात तेही. गायत्री छंद मात्र तीन पादांचा आहे. चतुर्थांश तीनच आणि तरी छंद पूर्ण, हा प्रकार गणिताला मानवणारा नाही. पण शब्द एकदा रुळला की तो आपल्या मूळ अर्थाची फारशी पर्वा करत नाही.

'पाद'चा 'पाव' कसा झाला, हे समजण्यासाठी प्राकृताचा एक नियम लक्षात घ्यावा लागतो. दोन स्वरांच्या मध्ये अडकलेले 'द', 'त', 'क', 'ग' यांसारखे व्यंजन प्राकृतात झिजत झिजत नाहीसे होते. 'मृदु'मधला 'द' असाच गेला आणि 'मऊ' उरले. 'कदली'मधला गेला आणि 'केळ' झाली. 'बदर'मधला गेला आणि 'बोर' झाले. 'पाद'मधला 'द' गेल्यावर 'पाअ' असे काहीतरी उरते, आणि लागोपाठ दोन स्वर उच्चारणे जिभेला अवघड जात असल्याने त्यांच्या मधल्या फटीत 'य' किंवा 'व' येऊन बसतो. 'य' बसला तिथे 'पाय' झाला, 'व' बसला तिथे 'पाव' झाला. मराठीने दोन्ही रूपे ठेवली आणि कामे वाटून दिली: चालण्यासाठी पाय, मोजण्यासाठी पाव. हिंदीने मोजण्यासाठी 'पाव' आणि चालण्यासाठी 'पाँव' ठेवले.

हा बदल नेमका कधी झाला असावा, याचे उत्तर शोधण्यासाठी नाशिककरांना ग्रंथालयात जाण्याचीही गरज नाही. मुंबई-आग्रा महामार्गाला लागून असलेल्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख कोरलेले आहेत. लेणी पाहायला येणारे बहुतेक जण स्तंभांवरचे प्राणी पाहतात आणि भिंतीवरच्या ब्राह्मी अक्षरांपुढून पुढे सरकतात. पण त्या अक्षरांत जे लिहिले आहे ते आजच्या बँकेच्या पासबुकाइतके रोकडे आहे. उषवदाताने भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दिली आणि ती रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेवली. एका श्रेणीकडे दोन हजार, त्यावर दरमहा शेकडा एक दराने व्याज; दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार, आणि त्यावरच्या व्याजाचा दर आहे 'पायून पडिक सत', म्हणजे दरमहा शेकडा पाऊण.

'पायून' हा शब्द तिथे दगडावर आहे. संस्कृत 'पादोन', म्हणजे पाद उणा, चतुर्थांशाने कमी. त्यातला 'द' झिजून त्या जागी 'य' आला आहे, आणि पुढे तो 'य'ही विरून 'ऊन'चा 'ऊण' झाला की आपला 'पाऊण' तयार. सुमारे १,९०० वर्षांपूर्वी, याच शहराच्या वेशीवर, व्याजाचा दर ठरवताना लोक 'पाऊण' म्हणत होते. लेखातला हिशेबही तपासून पाहता येतो: दोन हजारांवर महिना शेकडा एक म्हणजे वर्षाला दोनशे चाळीस, आणि लेखात म्हटले आहे की या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा मिळावेत. वीस बारे दोनशे चाळीस. एक कार्षापणही इकडे तिकडे नाही. मुद्दल परत द्यायचे नाही, फक्त व्याज उपभोगायचे, अशी अटही त्यात आहे. याच लेखात दोन या संख्येसाठी 'बे' असा शब्द येतो, जो आपण शाळेत 'बे एके बे' म्हणताना अजून वापरतो. संस्कृत येत नाही म्हणून शिलालेखांना घाबरणाऱ्या मराठी माणसाला हा लेख समजावून दिला, तर त्यातले निम्मे शब्द त्याला घरचे वाटतील असा माझा अंदाज आहे.

पाद शब्दाने मराठी अपूर्णांकांची अख्खी व्यवस्था उभी केली आहे. 'स-पाद', म्हणजे पादासह, याचे 'सवा' आणि 'सव्वा' झाले. म्हणून सव्वादोन म्हणजे दोन आणि वर एक पाव. 'पाद-ऊन' याचे 'पाऊण' आणि 'पावणे' झाले. म्हणून पावणेदोन म्हणजे दोनाला एक पाव कमी. 'शेरास सव्वाशेर' या म्हणीत पाव दडलेला आहे, आणि 'सवाई' या किताबातही. सवाई माधवराव म्हणजे माधवरावांहून एक पाव वरचढ. 'साडे'मध्ये पाव नाही, तिथे 'सार्ध' म्हणजे अर्ध्यासह असा शब्द आहे, आणि वणीच्या सप्तशृंगीला साडेतीन शक्तिपीठांतले अर्धे पीठ म्हणतात तेव्हा तो 'साडे' अगदी शब्दशः खरा होतो. जुन्या पिढीतली माणसे पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ करीत असत. पावकीत 'तीन पाव पाऊण, चार पाव एक' या चालीवर अपूर्णांकांचे गुणाकार तोंडी होत, आणि औटकी ही साडेतीनची होती. जे गणित आज कॅल्क्युलेटरशिवाय सुचत नाही ते दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला माणूस केवळ ऐकून करीत असे. आपण ती पाठांतरे सोडली ते योग्यच झाले असे अनेकांचे म्हणणे असते. मला ते पूर्णपणे पटत नाही, पण तो या लेखाचा विषय नव्हे.

वजनाचा शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा होता, तेव्हा खरा पावशेर २३३ ग्रॅमच्या आसपास भरत असे. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली आणि शेर गेला, पण बाजारात 'पावशेर' म्हणणे गेले नाही. आज पावशेर मागितला की काट्यावर २५० ग्रॅम ठेवले जातात आणि गिऱ्हाइकाला सतरा ग्रॅम जास्त मिळाल्याचे कोणाच्या ध्यानीमनीही नसते. 'पै' हे नाणेही याच कुळातले आहे. पै म्हणजे मुळात आण्याचा पाव हिस्सा. इंग्रजी अमलातल्या नाण्यांत मात्र ती आण्याचा बारावा भाग ठरली, नाव तेच राहिले आणि मोल एक तृतीयांशावर आले. 'पैपैचा हिशेब' मागणाऱ्याला हा इतिहास माहीत असण्याची गरज नसते.

पायाच्या या शब्दाचे नातेवाईक भारताबाहेरही दूरवर पसरले आहेत. संस्कृत 'पाद', ग्रीक 'पोउस', लॅटिन 'पेस', फारसी 'पा', जर्मन 'फूस' आणि इंग्रजी 'फूट' हे सगळे एकाच प्राचीन शब्दापासून निघाले. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेतून आल्या असाव्यात असे सांगितले. पण ते साम्य नियमात बसवण्याचे काम पुढच्या पिढीने केले. डॅनिश अभ्यासक रास्मुस रास्क आणि त्यांच्यानंतर १८२२ मध्ये जर्मनीचे याकोप ग्रिम यांनी दाखवले की जिथे संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांत शब्दाच्या सुरुवातीला 'प' आहे तिथे इंग्रजी आणि जर्मन यांत नियमाने 'फ' येतो. 'पितृ' आणि 'फादर', 'पंच' आणि 'फाइव्ह', 'पाद' आणि 'फूट' ही त्याची उदाहरणे. 'पशु' आणि इंग्रजी 'फी' हेही त्यातच मोडतात, कारण गुरे हेच धन असलेल्या काळात 'फी'च्या जुन्या रूपाचा अर्थ गुरेढोरे असा होता. शाळेच्या फीचे पत्रक पाहून हा अर्थ आठवला तर पालकांना थोडे हसू येईल.

फारसी 'पा' आणि 'पाय' यांनी मराठीला पुष्कळ दिले. पायजमा म्हणजे पायाचा 'जामा', अर्थात वस्त्र. पायमल्ली म्हणजे पायाखाली तुडवणे. पाबंदी म्हणजे पाय बांधणे. बैठकीच्या खोलीत सोफ्यापुढे ठेवलेल्या 'टीपॉय'ची कथा तर ऐकण्यासारखी आहे. तीन पायांच्या बुटक्या मेजाला हिंदुस्तानी भाषेत 'तिपाई' म्हणत. इंग्रजांनी तो शब्द उचलला आणि त्या मेजावर चहाचे कप ठेवले जात असल्याने त्यातल्या 'ति'ला 'टी', म्हणजे चहा, समजून तसेच लिहायला सुरुवात केली. पुढे तो शब्द इंग्रजी वस्तू म्हणून आपल्याकडे परत आला, आणि आता आपणही चार पायांच्या मेजाला बिनदिक्कत टीपॉय म्हणतो. पायाची कणीक आणि टीपॉयचा चहा या दोन्ही एकाच जातीच्या चुका आहेत: न समजलेल्या शब्दात ओळखीचे काहीतरी शोधण्याची माणसाची खोड सगळ्या भाषांत सारखीच आहे.

सायकलचे पेडल लॅटिन पायावरून आले, फोटो काढणाऱ्याचा ट्रायपॉड ग्रीक पायावरून, आणि बुद्धिबळातले प्यादे फारसी 'पियादा'वरून, म्हणजे पायी चालणारा शिपाई. सरकारी कार्यालयातला 'प्यून' हाही पायी चालणाराच. तो शब्द पोर्तुगीज 'पिआँउ', म्हणजे पायदळाचा शिपाई किंवा पायी जाणारा नोकर, यावरून भारतातल्या इंग्रजीत आला. इंग्रजी बुद्धिबळातला 'पॉन'ही, ज्या लॅटिन शब्दातून हा पोर्तुगीज शब्द आला त्यातूनच निघालेला. म्हणजे प्यादे, प्यून आणि पॉन या तिघांना एका ओळीत उभे केले तर तिघांच्याही नावात एकच पाय आहे, फक्त तो फारसी, पोर्तुगीज आणि फ्रेंच अशा तीन वाटांनी चालत आला.

तिसरा पाव क्रियापदाचा आहे. 'पावणे' हे संस्कृत 'प्र' आणि 'आप्' यांपासून, म्हणजे 'प्राप्त' शब्दात जो धातू आहे त्यापासून आले. दोन स्वरांमधला 'प' प्राकृतात 'व' होतो, जसे 'दीप'चा दिवा, 'कपाट'चे कवाड, 'ताप'चा ताव. आणि सुरुवातीच्या 'प्र'मधला 'र' गळतो. हे दोन्ही नियम एकदम लावले की 'प्राप्'चे 'पाव' होते. म्हणजे 'पाद' एका वाटेने आणि 'प्राप्' दुसऱ्या वाटेने, पूर्णपणे नियमाने चालत येऊन, नेमके एकाच रूपाशी पोहोचले. मुळात या क्रियापदाचा अर्थ पोहोचणे किंवा मिळवणे असा होता. 'मरण पावणे', 'कीर्ती पावणे' यांत तो अजून तसाच आहे. भक्ताची हाक देवापर्यंत आणि देव भक्तापर्यंत पोहोचणे हा अर्थ त्यातूनच सरकला, आणि गणपतीच्या आरतीत आपण 'संकटी पावावे' म्हणतो तेव्हा दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळलेले असतात. रक्कम पोहोचल्याचा कागद ती 'पावती'. देवस्थानात देणगी दिल्यावर मिळणारी पावती आणि देवीचे पावणे यांचा धातू एकच आहे, याबद्दल मात्र काही जास्त निष्कर्ष काढू नयेत.

'पावन' हा शब्द या तिन्हींपैकी कोणाचाच नाही. तो संस्कृत 'पू', म्हणजे शुद्ध करणे, या धातूचा आहे, आणि पवित्र, पवन, पावक हे त्याचे सोयरे आहेत. रामकुंडावर गोदावरीत स्नान करून माणूस पावन होतो आणि काठावरच्या देवळात देव त्याला पावतो, तेव्हा वाक्यात दोन वेगळे धातू काम करीत असतात. खेड्यापाड्यांत पाहुण्यांना 'पावणे' म्हणतात तो शब्दही वेगळा, संस्कृतातल्या 'प्राघुण' किंवा 'प्राहुण' या रूपांशी जोडलेला. त्यामुळे 'पावणे पावणेआठला आले' हे वाक्य ऐकायला एकाच शब्दाची पुनरुक्ती वाटते, पण त्यातले पहिले 'पावणे' पाहुण्यांचे आहेत आणि दुसरे पायाचे.

आता या नियमांच्या आधारे दोन परकी शब्द पारखून पाहू. इंग्रजीत मांजराच्या किंवा कुत्र्याच्या पंजाला 'पॉ' म्हणतात. अर्थ पायाचा, आवाज आपल्या पावासारखा. नाते जोडण्याचा मोह होणारच. पण मूळ भाषेतल्या पायाच्या शब्दाचा थेट वारस इंग्रजीत 'फ'ने सुरू व्हायला हवा, आणि तो 'फूट'च्या रूपाने हजरही आहे. 'पॉ' हा जुन्या फ्रेंच भाषेतून आलेला वेगळाच शब्द आहे, आणि त्याचे साम्य निव्वळ योगायोगाचे आहे. दुसरा शब्द स्लोव्हेनियन आणि चेक या भाषांतला: तिथे 'पाव' म्हणजे मोर. त्याचे मूळ लॅटिन 'पावो', ज्याचा अर्थही मोरच, आणि इंग्रजी 'पीकॉक'मधला पहिला तुकडा त्याच लॅटिन शब्दाचा आहे. लॅटिनमध्ये या शब्दाच्या रूपांत शेवटी 'न' येत असे आणि पोर्तुगीज भाषेने आपल्या सवयीप्रमाणे तोही गिळला. परिणामी पोर्तुगीज भाषेत रोटी 'पाँउ', पायी चालणारा 'पिआँउ' आणि मोर 'पवाँउ', असे तीन परस्परांशी संबंध नसलेले लॅटिन शब्द जवळजवळ एकाच साच्यात येऊन बसले. यांतला पहिला आपण पाव म्हणून खाल्ला आणि दुसऱ्याला इंग्रजीमार्गे प्यून म्हणून कार्यालयात बसवले. तिसऱ्याची मात्र गरज पडली नाही, कारण मोर आपल्याकडे आधीपासूनच होता.